घरटी एक सचिन

फोनमध्ये 'सचिन' टाइप केलं की यादी खाली सरकतच जाते. सचिन गॅस, सचिन जेसीबी, सचिन पंचायत समिती, सचिन वायरमन जुना, सचिन वायरमन नवा. एक नुसताच 'सचिन' आहे. तो कोण हे आता आठवत नाही आणि नंबर पुसायचा धीरही होत नाही. या सगळ्यांची वयं मात्र मी न विचारता सांगू शकतो. चाळिशी कधीच ओलांडलेली, काही पन्नाशीला टेकलेले. बहुतेकांना चष्मा, बऱ्याच जणांना शुगरची गोळी. स्वारगेटला फलाटावर उभं राहून 'ए सचिन' अशी हाक मारून बघा. चार-पाच माना वळतील आणि त्यातलं एकही डोकं डाय न लावता काळं नसेल.

मीही त्यातलाच. नाव सचिन, जन्म १९७८चा, सातारा जिल्ह्यात, पेशा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी. मास्तराच्या हाताखालून नावं फार जातात. पहिलीचे प्रवेश, हजेरीपट, शाळा सोडल्याचे दाखले, मतदार याद्या. इतकी वर्षं ही नावं लिहून आणि पुकारून माझं एक मत झालंय. क्रिकेटच्या गप्पांत ते मांडलं की लोक अंगावर येतात, म्हणून इथे मांडतो. महाराष्ट्रात सचिन हे नाव तेंडुलकरनं चालवलं नाही. त्यानं ते संपवलं.

पण त्याआधी कपाटाबद्दल सांगायला हवं. जुन्या शाळेत एक लोखंडी कपाट असतं आणि त्यात असतात जनरल रजिस्टरं. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक पोराची नोंद त्यात असते : नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख, शेरा. एरवी ती कोणी उघडत नाही. २०२३च्या अखेरीस कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर निघालं. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली होती, आणि आदेश खाली येत येत आमच्या कपाटापर्यंत पोचला. १९४८च्या आधीच्या नोंदी वेगळ्या काढा, १९४८ ते १९६७मधल्या वेगळ्या. दिवाळीच्या आगेमागे आम्ही मास्तर मंडळी तोंडाला रुमाल बांधून ती पानं उलटत बसलो. कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली, मधूनच मोडीतल्या ओळी. बघायचा होता जातीचा रकाना. माझं लक्ष मात्र नावाच्या रकान्यातून हलेना.

धोंडू. दगडू. केरू. भिकू. कोंडीबा. पुन्हा धोंडू. पानामागून पान असंच. मधूनमधून मारुती, ज्ञानू, सखाराम, म्हादू. आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात : 'मुंबईस गेला', 'सतत गैरहजर, सबब नाव कमी', 'वारला'. 'वारला' हा शेरा त्या पानांवर इतक्यांदा येतो की आजच्या मास्तराला ते पान पुढे उलटवत नाही. पहिली-दुसरीतली पोरं ही. देवी, पटकी, गोवर, नुसता ताप.

धोंडू-दगडू या नावांना आपण हसतो, पण ती ठेवण्यामागे पोटातली भीती होती. आधीची दोन लेकरं गेली की तिसऱ्याला दगड म्हणायचं, म्हणजे सटवीची नजर त्याच्यावर पडणार नाही. जन्मल्या जन्मल्या केरात ठेवल्यासारखं करायचं, उचलून घ्यायचं आणि नाव ठेवायचं केरू. चांगलं नाव ठेवणं म्हणजे काळाला पत्ता देणं. आणि भीती नसेल तिथे देव. पोराला पांडुरंग म्हणून दिवसातून पन्नास हाका मारायच्या, तेवढंच पुण्य. मरताना पोराला 'नारायण' म्हणून हाक मारली आणि अजामिळाचा उद्धार झाला ही गोष्ट कीर्तनात ऐकलेली असायचीच. नाहीतर मग आजोबाचं नाव नातवाला. त्यात सुनेची पंचाईत. सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, मग पोराला हाक काय मारणार? म्हणून तो बाळ, नाना, अण्णा, बापू व्हायचा आणि त्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहायचं.

या रजिस्टरांत सगळ्यात धारदार वळण दिसतं ते साठच्या दशकातल्या नोंदींत. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर जन्मलेली पोरं सहा-सात वर्षांनी पहिलीत आली तेव्हा एका वस्तीतली नावं पालटूनच गेलेली. बापाच्या रकान्यात दगडू, भिवा, केरू आणि पोराच्या रकान्यात मिलिंद, सिद्धार्थ, राहुल, गौतम. पुष्कळांना ही खालची नावं नुसती भीतीपोटी मिळाली नव्हती, चांगलं नाव ठेवलं तर गाव डोळे वटारत असे. एका पिढीत पुसली ती. इतकं ठरवून केलेलं नामांतर मला त्या सगळ्या रजिस्टरांत दुसरं दिसलं नाही. (मुलींच्या बाबतीत आमचा जिल्हा फार मागे राहिला. नकुसा नावाच्या शेकडो मुलींना दुसरं नाव द्यायचा कार्यक्रम साताऱ्यात व्हायला २०११ उजाडलं.) पुढे मिलिंद आणि राहुल इतके पसरले की कुठल्या घरातून निघाले हेही लोक विसरले.

बाकीच्या गावात तोवर अशोक, दिलीप, प्रकाश, सुभाष, रमेश, सुरेश आले होते. सुभाषबाबूंच्या नावाचे सुभाष, पडद्यावरच्या दिलीपकुमारच्या नावाचे दिलीप. देवाची पकड जरा सैल झाली होती, पण सुटली नव्हती. रमेश-सुरेशच्या पोटात देव आहेच. सचिन आला तो या सगळ्याला बगल देऊन. मराठी माणसाला सचिनचा अर्थ विचारा. दहांतले नऊ गप्प बसतात. दहावा 'सत्-चित्' असं काहीतरी जुळवून सांगतो.

आमच्या शाळेच्या रजिस्टरात पहिला सचिन दिसतो तो सत्तरच्या दशकात जन्मलेला. मग पुढचा, मग एकदम झुंबड. हीच ती वर्षं, ज्यांत गावात लस टोचणारे नेमानं फिरत होते. १९७५नंतर देशात देवीचा रुग्ण सापडला नाही. शेऱ्याच्या रकान्यातला 'वारला' विरळ होत गेला आणि त्याच पानांवर सचिन, संदीप, संतोष, अमोल, नितीन वाढत गेले. या दोन गोष्टींचा संबंध मी मनात जोडतो. पोर जगणार अशी खात्री वाटायला लागल्यावर आईबापांनी नुसतं कानाला गोड लागतं म्हणून ठेवलेलं हे नाव. काळाला फसवायचं नव्हतं, देवाला हाक घालायची नव्हती, आजोबाचं ऋणही फेडायचं नव्हतं.

माझ्या बारशाची गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती मला आठवतेच असं वाटतं. आजोबांना मारुती हवं होतं, त्यांच्या वडिलांचं नाव. भटजींनी पंचांग बघून 'च' अक्षर सांगितलं. आत्या लालबागहून आली होती. तिचे यजमान गिरणीत, आणि ती दर रविवारी सिनेमाला जाणारी. १९७५च्या 'गीत गाता चल'मधला कोवळा नायक तिला फार आवडला होता. बायकांनी 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' करत मला पाळण्याच्या खालून-वरून फिरवलं, आत्या पाळण्यात वाकली, कानात कुर्र केलं, पाठीत धपाटे खाल्ले आणि उठून जाहीर केलं, सचिन. भटजी म्हणाले, अक्षर च आहे. आत्या म्हणाली, "मग? मधोमध च आहे की." त्यावर कुणाजवळ उत्तर नव्हतं. घुगऱ्या वाटल्या गेल्या. आजीला मात्र ते नाव शेवटपर्यंत वळलं नाही. ती मला 'सज्जन' म्हणायची. गावातल्या तिच्या वयाच्या दोन-तीन म्हाताऱ्याही सज्जनच म्हणत. त्यामुळे लहानपणी माझ्याकडून लोकांच्या अपेक्षा जरा जास्तच होत्या.

तो नायक म्हणजे सचिन पिळगावकर. जन्म १९५७चा, आणि लहान वयापासून पडद्यावर. पण पोस्टरवर पिळगावकर नसायचं, नुसतं 'सचिन' असायचं. आडनावाशिवाय, जातपात-गाव काहीच न सांगता, नाव एकटं भिंतीवर चिकटलेलं. माझी खात्री आहे, खेडोपाडी हे नाव नेलं ते त्या आडनाव नसलेल्या पोस्टरनी. १९८२ला 'नदिया के पार' आला तोवर तर ते उत्तर भारतातही पार आत पोचलं.

पिळगावकरांच्याही आधीचा सचिन म्हणजे सचिनदेव बर्मन. त्रिपुराच्या राजघराण्यातले, १९०६ साली आज बांगलादेशात असलेल्या कोमिल्लात जन्मलेले, १९४४च्या सुमारास मुंबईत आलेले. रेडिओवर निवेदकाच्या तोंडून ते नाव घराघरात पडायचं, आणि ज्यांना गाण्यातलं कळायचं अशा मुंबई-पुण्याच्या घरांत ते आधी रुजलं. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात मराठी शिकवणारे कवी रमेश तेंडुलकर हे बर्मनदांचे चाहते. थोरली भावंडं नितीन, सविता, अजित. २४ एप्रिल १९७३ला धाकटा झाला तेव्हा त्याचं नाव त्यांनी सचिन ठेवलं. बर्मनदा तेव्हा हयात होते, ते गेले ऑक्टोबर १९७५मध्ये. म्हणजे पुढे ज्याच्या नावावरून पोरांची नावं ठेवली गेली असं सगळं जग समजतं, तो स्वतःच दुसऱ्याच्या नावावरून नाव मिळालेला. आला तोही लाटेबरोबर.

बंगालमध्ये मात्र हे नाव तेव्हा नवं मुळीच नव्हतं. तिथलं ते शचीन किंवा शचीन्द्र. शची म्हणजे इंद्राणी, तिचा पती तो शचीन्द्र. त्यात चैतन्य महाप्रभूंच्या आईचं नाव शचीदेवी, त्यामुळे त्या अक्षरांना तिकडे भक्तीचा वासही आहे. हिंदुस्तान रिपब्लिकन असोसिएशन उभारणारे शचीन्द्रनाथ सान्याल १८९३चे. म्हणजे साताऱ्यात आमची बारशी चालली होती तेव्हा कोलकात्यात हे नाव आजोबा लोकांचं झालेलं असणार. एका प्रांतात पिकून गळायला आलेलं नाव दुसऱ्या प्रांतात कोवळं म्हणून उगवतं. प्रवासात तालव्य श गळाला, इंद्राणी गळाली, शचीमाता गळाली. आमच्याकडे पोचलं ते निव्वळ तीन अक्षरांचं, मोकळं नाव. ऱ्हस्व की दीर्घ हेही नक्की ठरलं नाही. माझ्या रेशनकार्डावर सचीन आहे आणि दाखल्यावर सचिन. बँकेच्या केवायसीत हा दीर्घ ई मला दरवेळी नव्यानं भेटतो.

आमच्या वर्गात अर्थातच सचिन बरेच होते. सर हजेरी घेताना 'सचिन' म्हणून थांबायचे आणि एकदम तीन-चार 'हजर' यायचे. मग आडनावाचं अक्षर जोडलं गेलं, पण ते कागदावर. मैदानात काळा सच्या, लांब्या सच्या, गिरणीवाल्याचा सच्या, आणि मी मळ्यातला सच्या. इंग्रजीच्या सरांनी सगळ्यांना मिळून 'सच्चिदानंद मंडळी' असं नाव ठेवलं होतं. कुणालाच आपलं नाव खास वाटत नव्हतं. आज आईबाप 'वर्गात दुसरं कुणी नको' म्हणून रात्ररात्र नावं शोधतात, तेव्हा मला त्या हजेरीची मजा वाटते. सर रागावून 'सचिन, उभा राहा' म्हणाले की आम्ही सगळे बसूनच राहायचो. प्रत्येकाला वाटायचं दुसऱ्याला म्हणाले.

नोव्हेंबर १९८९मध्ये कराचीत तेंडुलकर पहिली कसोटी खेळला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि आमच्या वर्गातले सगळे सचिन आधीच जन्मलेले होते. माझा मुद्दा मुळात एवढाच आहे. लोक सरसकट म्हणतात, तेंडुलकरमुळे घरोघरी सचिन झाले. तेंडुलकरमुळे झालेल्या सचिनचा जन्म १९८९नंतरचा असायला हवा. शोधा असे सचिन आमच्या भागात. सापडतात, नाही असं नाही, पण हाताच्या बोटांवर.

२०२४च्या विधानसभेला २० नोव्हेंबरला मी मतदान अधिकारी क्रमांक एक होतो. या माणसाचं काम काय, तर मतदाराची चिठ्ठी बघून यादीतला अनुक्रमांक आणि नाव मोठ्यानं वाचायचं. समोर बसलेले पक्षांचे एजंट ते ऐकतात, आपल्या यादीवर खूण करतात, हरकत असेल तर बोलतात. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत नावं पुकारायची. यादीत नावाखाली वय छापलेलं असतं. दुपारनंतर मी नाव वाचायच्या आधी चेहऱ्यावरून नाव ओळखायचा खेळ मनातल्या मनात सुरू केला. काठी टेकत आलेला : पांडुरंग, ज्ञानदेव, हणमंत. टोपी घातलेला, साठ-पासष्टचा : अशोक, सुभाष, दिलीप. पॅन्ट पोटाखाली गेलेला, एका हातात मोटारसायकलची किल्ली आणि दुसऱ्या हातात खिशातून काढून बंद केलेला मोबाइल : सचिन, संतोष, संदीप, नितीन. दाढी कोरलेला : शुभम, प्रथमेश, अनिकेत, ओंकार. पहिल्यांदाच मत द्यायला आलेले : अथर्व, वेदांत, आर्यन. फार चुकलं नाही. समोरचे एजंटसुद्धा, तिन्ही पक्षांचे, सगळे आमच्याच वयाचे. त्यात दोन सचिन.

मग नव्वदच्या दशकात काय झालं? एप्रिल १९९८मध्ये शारजात दोन दिवसांच्या अंतरानं त्यानं ऑस्ट्रेलियाला १४३ आणि १३४ मारले, दुसरं शतक तर स्वतःच्या पंचविसाव्या वाढदिवशी. गावात फटाके वाजले. त्या वर्षी जन्मलेली पोरं पुढे शाळेत आली, पण त्यात सचिनांची भरती आली नाही. एक साधं कारण घरातलं. त्या पोरांचा काका किंवा मामा आधीच सचिन होता. थोरला माणूस डोळ्यासमोर असताना त्याचं नाव पोराला ठेवायचं नाही. ठेवलं तर घरात रागवायचं कोणाला आणि जेवायला बोलवायचं कोणाला? घरटी एक सचिन होताच.

दुसरं कारण मी स्वतः अंगावर झेललंय. तेंडुलकर मोठा होत गेला तसं आमचं नाव आमच्या हातातून निसटत गेलं. आधी मी पहिल्या चेंडूवर बाद झालो तर 'सच्या आऊट' एवढंच व्हायचं. मग 'नाव सचिन आणि बॅटला बॉल लागत नाही' सुरू झालं. मुलाखतीला गेलो तरी बोर्डावरचे साहेब नाव वाचून हसायचे आणि क्रिकेट खेळता का विचारायचे. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा, ही म्हण मी कितीतरी तोंडांतून ऐकली. कुठल्या शहाण्या आईबापाला हे ओझं आपल्या पोराच्या डोक्यावर द्यावंसं वाटेल? कुणी श्रद्धेपोटी ठेवलंही असेल. पण ज्या नावाचा माणूस गल्लीत भेटतो ते नाव लोक पोराला सहज ठेवतात, आणि ज्या नावाचा माणूस फक्त एकच उरतो ते ठेवताना हात अडखळतो. आमच्या नावात मुळात देव नव्हता म्हणून ते इतकं पसरलं. मग त्या नावाचाच एक देव झाला.

१६ नोव्हेंबर २०१३. शनिवार, सकाळची शाळा सुटलेली. स्टाफरूममध्ये आम्ही चार मास्तर टीव्हीसमोर. वानखेडेवर त्याचं निरोपाचं भाषण आणि सगळं स्टेडियम एका लयीत 'सच्चिन, सच्चिन' म्हणतंय. त्याच दिवशी भारतरत्नही जाहीर झालं. तो म्हणाला की ही हाक श्वास चालू आहे तोवर आपल्या कानात घुमत राहील. हजारो माणसं माझं नाव घेत होती आणि त्यात मी कुठेच नव्हतो, हे मला फार गमतीशीर वाटलं. शेजारचे सर, तेही सचिन, डोळे पुसत होते. ते क्रिकेटचे भक्त. मी चहा ठेवायला उठलो.

सुनीलचं असं झालं नाही. गावसकर १९४९चे, १९७१ला वेस्ट इंडिजमध्ये त्यांनी ७७४ धावा काढल्या तेव्हाही सुनील नावाचे लोक पुष्कळ होते, पुढेही होत राहिले. ते मोठे झाले, पण सुनील हे नाव लोकांचंच राहिलं. शिवाय गावसकरांनी एक नवं नाव आपल्याकडे आणलं असं मी म्हणेन. १९७६ला झालेल्या मुलाला त्यांनी गयानाच्या रोहन कन्हायचं नाव दिलं. कन्हायचे पूर्वज कधीकाळी हिंदुस्थानातूनच उसाच्या मळ्यांवर नेलेले. समुद्र ओलांडून गेलेल्या माणसांत जपलेलं नाव क्रिकेटच्या वाटेनं मुंबईत परत आलं. आमच्या रजिस्टरात रोहन दिसायला लागतात ते ऐंशीनंतर. तेंडुलकरनं आपल्या मुलाचं नाव अर्जुन ठेवलं, १९९९मध्ये. लोकांनी अर्जुन पसंत केलं. बापाचं नाव बापालाच ठेवलं.

अपवाद आहेत आणि ते सांगायला हवेत, नाहीतर कुणीतरी सांगेलच. बीडचा सचिन धस २००५चा. वडिलांनी ठरवून तेंडुलकरचं नाव ठेवलं आणि ठरवून क्रिकेटला घातलं. २०२४च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात बेनोनीला दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पोरगं ९६ धावा करून आलं, पाठीवर दहा नंबर. असं धाडस करायला बीडचाच माणूस पाहिजे. दुसरी गंमत न्यूझीलंडच्या रचिन रवींद्रची. वेलिंग्टनला १९९९मध्ये जन्मलेला. २०२३च्या विश्वचषकात त्यानं तीन शतकं ठोकली तेव्हा आपल्याकडे घरोघरी चर्चा : राहुलमधला रा आणि सचिनमधला चिन. आईबाप किती भक्त बघा! नंतर त्याच्या वडिलांनीच सांगितलं की तसं काही ठरवलेलं नव्हतं, बायकोनं नाव सुचवलं, ऐकायला बरं वाटलं, ठेवलं. दोघांच्या नावांची बेरीज आहे हे पुढे कधीतरी लक्षात आलं. मला हे उत्तर फार पटलं. नावं बहुतेकदा अशीच ठेवली जातात आणि गोष्टी मागाहून चिकटतात. आमच्या आत्यालाही बर्मनदा ठाऊक नव्हते.

आता माझ्या हजेरीपटावर शिवांश, रियांश, अद्विक, विहान, श्लोक, रुद्र, स्वराज आहेत. 'अंश' लावलं की नाव तयार. म्हातारी माणसं या नावांवर तुटून पडतात, पण मला त्यात तक्रारीसारखं काही दिसत नाही. सचिनवरही आमच्या आजोबांनी हेच तोंडसुख घेतलं होतं : अर्थ नाही, देव नाही, कुळात कुणाचं नाही. फरक आहे तो वेगाचा. दादरच्या शिकलेल्या घरात पन्नास-साठच्या दशकात शिरलेलं सचिन आमच्या गावठाणात यायला सत्तर साल उजाडलं, आणि वाडीवस्तीवर पोचायला ऐंशी. त्यामुळे नावावरून नुसतं वयच कळत नसे, घरही कळायचं. आता नावांची यादी व्हॉट्सॲपवर येते ती पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आणि धरणाच्या पलीकडच्या वस्तीवर एकाच दुपारी. बागायतदाराचा नातू शिवांश आणि त्याच्याच शेतात कामाला येणाऱ्याचा पोरगाही शिवांश, दोघं एका बाकावर. हे मला आवडतं. इंग्रजीत ए एक घालायचा की दोन, यावर मात्र दोघांच्याही आया माझ्याशी भांडतात.

जुनी नावंही परत फिरतायत. माधव, केशव, राघव, कबीर ही नावं शहरातल्या तरुण आईबापांना पुन्हा गोड लागतात, कारण त्या नावांच्या म्हाताऱ्यांना त्यांनी पाहिलेलं नाही. दत्तात्रय आणि पांडुरंग अजून परत आलेले नाहीत. ते आजोबा अजून ओट्यावर बसलेले दिसतात. आमचा नंबर त्यांच्याही मागे. आम्ही ढिगानं आहोत आणि सध्या सोसायट्यांचे चेअरमन, ग्रामपंचायतींचे सदस्य, शाळांचे मुख्याध्यापक झालो आहोत. एवढ्या लोकांचं नाव बाळाला शोभायला अजून साठ-सत्तर वर्षं तरी जावी लागतील.

असा हिशेब मी मांडून बसलो होतो. गेल्या हंगामात कारखाना सुरू झाला, गावाच्या कडेला ऊसतोडीच्या कोप्या पडल्या आणि नेहमीप्रमाणे बीडकडची पोरं शिक्षण हमी कार्ड घेऊन शाळेत आली. पहिलीतल्या एकाचं नाव वाचलं : सचिन. मी मोठ्यानं पुकारलं तसा वर्ग खिदळायला लागला. तिसरीतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, हे तर पप्पांचं नाव असतं." पोरगं गोंधळून माझ्याकडे बघत राहिलं.

संध्याकाळी त्याचे वडील बैलगाडी घेऊन रस्त्यानं चालले होते, त्यांना थांबवून विचारलं, काय हो, तेंडुलकर आवडतो वाटतं? ते हसले. म्हणाले, "न्हाई वो सर. थोरल्याचं नाव ह्याच्या मावशीनं मोबाइलवर बघून ठिवलं, रियांश. आमच्या मायला ते काय म्हनता यीना. ती त्याला आजून रेशन म्हनती. म्हनलं, ह्याचं तरी म्हातारीच्या तोंडात बसंल असं ठिवावं."